नुसत्या पाण्याची कुपी

आईचा फोन आला तेव्हा मी रस्त्याच्या मधोमध, दुभाजकावर उभी होते. दोन्हीकडून गाड्या जात होत्या आणि तिचा आवाज तुटत तुटत येत होता. या आठवड्यात येणार असशील तर येताना कालव्याच्या कडेची ती पानं आण, असं ती सांगत होती. डब्यात आता थोडीच उरलीत, शुक्रवारपर्यंत पुरतील. कोणती पानं, मी विचारलं. "अगं, यांची," आई म्हणाली. "मी घेते ना रोज." भाजी आणायला सांगावी तसं सांगितलं तिनं. मी "आणते" म्हटलं. माझं तोंड माझ्याआधी बोलतं, ही जुनी खोड आहे. सिग्नल सुटला, माणसं मला वळसा घालून पुढे गेली, पुन्हा लाल झाला, आणि मी तिथंच. एक म्हातारे गृहस्थ जाता जाता म्हणाले, बाई, पलीकडे जायचंय की इथंच राहायचंय? मग मी घरी जायचं सोडलं आणि आले त्याच रस्त्यानं प्रयोगशाळेकडे परत निघाले.

बाबांना जाऊन अडीच महिने झाले होते. किडन्या निकामी झाल्या. कळल्यापासून सहा आठवडे. त्याआधी पाच महिने ते रोज सकाळी त्या पानांचा काढा घेत होते. फिरायला येणाऱ्या कुणीतरी गुडघ्यांसाठी सांगितलं होतं. तांबड्या देठाचं साधं झुडूप; सांगणाऱ्यालाही त्याचं नाव माहीत नव्हतं. दुसरा कुणी असता तर ऐकून दुसऱ्या दिवशी प्यायला लागला असता. पण बाबा वजनमापं निरीक्षक होते. चौतीस वर्षं दुकानादुकानांतून फिरून त्यांनी तराजू तपासले, वजनं तपासली, खरी निघाली की त्यांवर शिक्का ठोकला. न तपासलेल्या किलोला ते किलो म्हणत नसत, लोखंडाचा तुकडा म्हणत. म्हणून पानं आधी माझ्याकडे आली, वर्तमानपत्राच्या पुडीत. मला नोकरी लागली तेव्हापासून ते मला साहेब म्हणायचे. "साहेब, तुमच्या त्या किड्यांना पाजून बघा जरा," ते म्हणाले. "ते जगले तर मी पितो."

किडे म्हणजे किडे नव्हेत. मिठागरांत वाढणारे बारीक जीव आहेत ते, कोळंबीचे दूरचे नातलग, जन्मतः टाचणीच्या टोकाएवढे. त्यांची अंडी तपकिरी भुकटीसारखी डबीत वर्षानुवर्षं कोरडी पडून राहतात आणि खाऱ्या पाण्यात टाकून वर दिवा लावला की दीड दिवसात त्यातून काहीतरी हलायला लागतं. आमच्याकडे झाडापाल्याचे अर्क येतात, नावाऐवजी नंबर लावून. एकेका कुपीत दहा जीव सोडायचे, अर्क कमीजास्त घालायचा, चोवीस तासांनी किती उरले ते मोजायचं. मुक्काम चोवीस तासांचा, म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्यांना पाहुणे म्हणतात. पाहुणे उठले का, पाहुणे किती गेले, असं आमचं बोलणं चालतं. नव्यानं आलेल्याला वाटतं, आमच्याकडे कुणाचं तरी लग्नघर आहे. बाबांची पुडी माझ्या खणात तीन आठवडे पडून राहिली. त्या महिन्यात एका मोठ्या कामाची मुदत होती, आणि घरचं काम म्हणजे काय, कधीही करता येईल. त्यांनी दोनदा विचारलं, मी उद्या म्हटलं. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी दोन्ही हातांत कुप्यांचे रॅक घेऊन, फोन खांद्यात धरून व्हरांड्यातून चालले होते. म्हटलं, झालं बाबा, काही नाही त्यात. ते निरीक्षक, त्यांचं तेवढ्यानं भागणार नव्हतं. कितीपैकी किती? दहापैकी दहा जिवंत. प्रत्येक कुपीत? प्रत्येक कुपीत. "शाब्बास," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. पुढच्या रविवारी घरी गेले तर स्वयंपाकघरात पानांचा डबा होता आणि त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली: तारीख, आणि खाली 'तपासलेलं'. पुडी तेव्हाही माझ्या खणात होती. तेव्हाही करता आलं असतं. पण जे झालं म्हणून सांगितलं ते पुन्हा करायला बसणं मला जमलं नाही. केलं तर आधी झालं नव्हतं असं होतं.

प्रयोगशाळेत सोमवारी संध्याकाळी कुणी नव्हतं. मी मीठ तोललं, पाणी कालवलं, चिमूटभर अंडी टाकली, दिवा लावला. हिशेब सोपा होता. बुधवारी संध्याकाळपर्यंत पिल्लं तयार. बुधवारी काढा घालायचा, गुरुवारी मोजायचं. आईची पानं शुक्रवारपर्यंत. म्हणजे पानं संपायच्या आत मला कळलेलं असेल. आणि जर काही नसेल, तर मी सांगितलं होतं ते उशिरा का होईना खरंच ठरेल, आणि मग कुणाला काही सांगायचं उरणारच नाही. दिव्याखाली पाणी हळूहळू कोमट होत होतं. मी हा विचार दोनतीनदा केला आणि दर वेळी तो बिनचूक वाटला. आईला फक्त दोन शब्द सांगायचे होते, घेऊ नकोस. पण त्या शब्दांना शेपूट होतं. ती विचारणार, का गं? त्या 'का'च्या पुढे मला रस्ता दिसत नव्हता, म्हणून मी तीन दिवसांचा वळसा शोधून काढला होता, आणि त्या वळशाला मी प्रयोग म्हणत होते.

मंगळवारी सकाळी सातला मी आईकडे होते. काढा ती नेमका कसा करते ते बघायचं होतं, आणि थोडा बाटलीत हवा होता. कशाला म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, ऑफिसात एकीचे गुडघे दुखतात. एव्हाना माझी जीभ तेल घातल्यासारखी चालत होती. आईनं एकेक पान मोजून घेतलं, बावीस. पाणी दोन कप आणि वर पाव कप, आटून दोन उरतं. गाळणीतून तिनं ते दोन कपांत ओतलं. हिरवट, कडेला किंचित तांबूस. एक कप तिनं उभ्याउभ्याच प्यायला, तोंड वाकडं केलं, आणि मग दुसरा उचलला. तो माझ्या बाटलीसाठी असेल असं समजून मी बाटली पुढे केली, तर तिनं भांड्यातला तळाचा गाळ मला दाखवला. बाटलीपुरतं निराळं करून देते म्हणाली. दोन्ही कप तूच घेतेस? मी विचारलं. "माप दोघांचं आहे," आई म्हणाली. "एकाचं मला येत नाही. आणि ओतून कसं द्यायचं?" तेव्हा मला कळलं की पहिल्या दिवसापासून ती बाबांबरोबर घेत आली होती. आधी एक कप. आणि अडीच महिने दोन. ते गेले त्या दिवशीही केला असेल का तिनं, दोघांच्या मापाचा? विचारायचं धाडस झालं नाही. ती खुर्चीवर बसली, पाय वर घेतला, आणि तिच्या घोट्याशी चपलेच्या पट्ट्याचा वळ दिसला, खोल, मऊ कणकेत बोट दाबावं तसा. मी त्या वळाकडे बघत राहिले. बाबांच्या घोट्यांवर नर्स अंगठा दाबायची आणि खड्डा भरून यायला किती वेळ लागतो ते बघायची. मी मनात आकडे मोजायला लागले. आईनं साडी खाली ओढली. "काय बघतेस? म्हातारीचे पाय आहेत ते." मग मी म्हटलं, तेही हसत हसत, चार दिवस सोडून बघ ना, गरज आहे का कळेल. ती म्हणाली, "का गं? तू तपासलंयस ना?"

मी हो म्हटलं.

दिवसभर तो शब्द माझ्या तोंडात पितळी चमचा चोखल्यासारखा राहिला. मी इतरांचे नंबर लावलेले अर्क घालत होते, मोजत होते, आणि मध्येच दिव्याखालच्या भांड्याशी जाऊन बघत होते. बाबांना दवाखान्यात नेलं त्या दिवसाची मला एकच गोष्ट नीट आठवते. डॉक्टरांनी कागदावरून डोळे न काढता विचारलं होतं, काढा, मुळी, पावडर, दुसरं काही घेत होते का? मी नाही म्हटलं. कुणी उत्तर द्यायच्या आत. आई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती, बाबा उशीला टेकून बसले होते. बाबांनी माझ्याकडे बघितलं. तराजूचा काटा स्थिर व्हायची वाट बघताना ते तसे बघायचे, राग नाही, घाई नाही. लहानपणी मी त्यांच्याबरोबर दुकानांत गेले आहे. दुकानदार चहा मागवायचे, गप्पा काढायचे, आणि बाबा असेच काट्याकडे बघत राहायचे. मग त्यांनी डोळे मिटून घेतले. पुढच्या सहा आठवड्यांत त्यांनी तो विषय काढला नाही. मला सोडून दिलं, की दमले होते, की त्यांनाही वाटलं तपासलेल्या गोष्टीचा उल्लेख कशाला, हे मला कधी कळणार नाही. वाईट एवढंच की त्या वेळी मला सुटल्यासारखं वाटलं होतं. मंगळवारी दोन कप. बुधवारी दोन. मी हे मोजत होते आणि फोन उचलत नव्हते.

बुधवारी पिल्लं पाण्यात तरंगत होती, नारिंगी धूर असावा तशी. मोजणीच्या कामात मला कुणीतरी हवं होतं. कोणत्या कुपीत काय हे मला माहीत असलं तर मला हवं ते दिसेल. मेलेलं हलताना दिसेल. आमच्याकडे एक सहकारी आहे, जाड भिंगांचा चष्मा, त्याला सगळे दुर्बीण म्हणतात. निवृत्तीला आलाय आणि आयुष्यभर इतरांची चूक शोधून दाखवण्यापलीकडे त्याला दुसरा शौक नाही. त्याला मी म्हटलं, पंधरा कुप्या आहेत, काढा तू घाल, चिठ्ठ्या तू लाव, मला सांगू नकोस. तीनांत काढा जसाच्या तसा, तीनांत निम्मा, तीनांत दहावा हिस्सा, तीनांत शंभरावा, आणि तीनांत नुसतं खारं पाणी. नुसत्या पाण्याशिवाय प्रयोग नाही. ते पाहुणे जगले पाहिजेत, नाहीतर बाकीचे कशानं मेले हे सांगता येत नाही. दुर्बिणीनं वहीत बघितलं, हा नमुना तिथं नव्हता. कुणाचा म्हणून त्यानं विचारलं. घरचा, मी म्हटलं. त्यानं चष्मा वर सारून माझ्याकडे बघितलं आणि चिठ्ठ्या लिहायला घेतल्या, इंग्रजी अक्षरं, उलटीपालटी. मी ड्रॉपरनं एकेक पिल्लू उचलत गेले. पंधरा कुप्या, दीडशे जीव. रोज करते हे काम, हात कधी हलत नाही. त्या दिवशी एका कुपीत अकरा पडले आणि अकरावा बाहेर काढायला मला दहा मिनिटं लागली.

गुरुवारी चार वाजता आम्ही मोजायला बसलो. नियम असा की कुपी भिंगाखाली धरायची, एका बाजूनं उजेड द्यायचा. जिवंत असतील ते उजेडाकडे जातात. तळाशी पडलेल्याकडे दहा सेकंद बघायचं. दहा सेकंदांत पाय हलला नाही तर मेला. दहा सेकंद फार असतात. मी एकेकासाठी मनात मोजत होते आणि आकडा सांगत होते, दुर्बीण लिहीत होता. पहिल्या कुपीत तीन मेलेले. दुसरीत आठ. तिसरीत एकही नाही, दहाच्या दहा उजेडाला चिकटलेले. चौथीत सहा. पाचवीत सात. एक होतं त्याचा पाय आठव्या सेकंदाला हलला, की पाणी हललं, की माझा हात. मी पुन्हा शून्यापासून मोजलं. कपाळावरचा घाम भुवईत उतरला तरी पुसला नाही. पंधरा झाल्यावर दुर्बिणीनं आपली चिठ्ठ्यांची यादी काढली, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि पेन्सिलीनं एकेक ओळ जुळवली. मग कागद माझ्याकडे फिरवला. जसाच्या तसा काढा होता तिथं तीन, एक, चार मेले होते. शंभरावा हिस्सा होता तिथं सहा, पाच, शून्य. नुसत्या पाण्यात सात, आठ, सहा.

नुसत्या पाण्यात. मी सोमवारी संध्याकाळी, उभ्याउभ्या, आईचं बोलणं कानात घुमत असताना तोललेलं मीठ. चुकलं असेल. कुप्या नीट विसळल्या नसतील. रॅक गरम जागी ठेवला असेल. नुसत्या पाण्यात दहापैकी एकाहून जास्त मेले की सगळं ओतून द्यायचं, हा पहिल्या दिवशी शिकवलेला नियम. "परत लावू," दुर्बीण म्हणाला. "पाहुण्यांना काय तोटा." परत म्हणजे आणखी तीन दिवस. शुक्रवारी पानं संपणार आणि मी आणून देणार. मी मान हलवली. मला खरंच हायसं वाटलं होतं, मुदत वाढवून मिळाल्यासारखं, आणि ते हायसं वाटणं मला दिसलं, भिंगाखाली दिसावं तसं. दुर्बीण कुप्या बेसिनमध्ये ओतत होता. पाठ माझ्याकडे ठेवूनच म्हणाला, "घरचं म्हणजे माणसाचं ना? मग हे इथं कशाला करतेस? यांना आपल्यासारख्या किडन्या नसतात. तुला माहीत नाही होय?" मला माहीत होतं. कोणत्याही महिन्यात, कोणत्याही तारखेला माहीत होतं. बाबांची पुडी त्याच दिवशी घातली असती आणि सगळे पाहुणे नाचत राहिले असते, तरी त्यातून एका माणसाबद्दल काही कळलं नसतं. हे वाक्य मला त्यांना सांगता आलं असतं, फोनवर, अर्ध्या मिनिटात. बाबा, यातून कळत नाही, डॉक्टरांना विचारा. त्यासाठी प्रयोगही लागत नव्हता.

त्या संध्याकाळी मी पोचले तेव्हा आई बाबांचे शर्ट इस्त्री करत होती, कुणाला तरी द्यायचे म्हणून. मी चपला न काढता आत गेले, उभ्यानंच म्हटलं, काढा आजपासून बंद. का, तिनं विचारलं. मी सांगितलं. तेव्हा तपासला नव्हता, आता तपासला तर प्रयोग फसला, आणि तपासून काही कळतही नाही. वाक्यं पाठ केल्यासारखी निघाली. आईनं शर्टाची बाही पूर्ण केली, इस्त्री उभी केली, बटण बंद केलं.

"दहापैकी दहा म्हणालीस ते," ती म्हणाली. "मी शेजारी होते. त्यांनी फोन माझ्या कानाला लावला होता."

"मनातला आकडा होता."

"आणि डॉक्टरांना नाही म्हणालीस."

"हो."

"मी पायाशीच उभी होते," आई म्हणाली. "मला वाटलं, तपासलेलं असेल तर ते सांगायचं नसतं." हे ती मला म्हणत नव्हती. पलंगाच्या पायाशी उभ्या असलेल्या त्या बाईला म्हणत होती; दोषाचं बोट माझ्यापर्यंत येण्याऐवजी तिथंही तिनं स्वतःकडे वळवलं होतं. मी पुढे झाले तर तिनं हात आडवा धरला, मारायला नव्हे, वाट अडवल्यासारखा. मग डबा खाली घेतला, उरलेली पानं पिशवीत ओतली, चष्मा घेतला. दवाखाना सातपर्यंत उघडा असतो म्हणाली. जिना उतरताना माझा हात धरला नाही. कठड्याला धरून, एकेक पायरी.

डॉक्टर तेच. आईनं पिशवी टेबलावर ठेवली आणि सगळं नीट सांगितलं, बावीस पानं, दोन कप, किती महिने. त्यांनी तिचा घोटा दाबून बघितला, रक्त घ्यायला लिहिलं. मग आई म्हणाली, "हिच्या वडिलांचं हिला सांगायचंय." मी सांगितलं. माझा आवाज खणखणीत आला, ते मला आवडलं नाही. डॉक्टर म्हणाले, तेव्हा विचारलं होतं मी. हो, मी म्हटलं, तेव्हा खोटं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "तेव्हा कळलं असतं तर..." म्हणाले आणि थांबले. आई म्हणाली, "पुरं करा." त्यांनी पिशवीतलं एक पान उचलून उलटं करून बघितलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले. "कळलं असतं तर बंद केलं असतं, एवढं नक्की. पुढचं सांगता येत नाही." आईनं मान हलवली, जणू हे माप तिला पटलं. रक्त देताना तिनं तोंड भिंतीकडे केलं. बाहेर आल्यावर म्हणाली, रिपोर्ट आणायला मी एकटी येईन.

शुक्रवारी मी नवं मीठ तोललं नाही. नंबर लावलेले अर्क घातले, चुकले नाही. तीनला फोन टेबलावर ठेवला. दुर्बीण दोनदा येऊन गेला आणि दोन्ही वेळा हवामानाबद्दल बोलला. पाचला आईचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही. पार्श्वभूमीला रस्त्याचा आवाज होता, ती कुठंतरी कडेला उभी असणार, चष्मा लावून, कागद हातात. तिनं वाचायला सुरुवात केली, वरपासून, एकेक ओळ, आकडा आणि पुढच्या कंसातलं काय ते, हिमोग्लोबिन, साखर, सगळं, मध्ये न थांबता. मी ऐकत होते. मग तिनं क्रिएटिनिन वाचलं, किडन्यांचा आकडा, अक्षर लावत लावत. एक पूर्णांक दोन. कंसात एक पूर्णांक एकपर्यंत.

"म्हणजे काय गं?" तिनं विचारलं.

'काही नाही' माझ्या जिभेवर तयार होतं. बाबांना सांगितलं तसंच, तेवढ्याच सहज. मी टेबलाची कड धरली. "किंचित वर आहे," मी म्हटलं. "वयानं असेल, काढ्यानं असेल. मला नाही सांगता येत, आई. डॉक्टरांना विचार."

"विचारलं," आई म्हणाली. "तेही हेच म्हणाले. महिन्यानं परत बघायचंय." एक बस तिच्या जवळून गेली, ती जाईपर्यंत आई थांबली. "तू काय सांगतेस ते बघत होते."

 तिकडे कागद सरळ केल्याचा आवाज झाला, आणि तिनं पुढचा आकडा वाचायला घेतला.